गाडीच्या काचा काळ्या कराव्यात काय?

ज्या समाजातील माणसाला शंभर वर्षांपूर्वी रोख पैसे मोजूनही भाड्याची बैलगाडी मिळत नव्हती, त्या समाजातील नोकरदाराच्या दारात आज मोटारगाडी उभी दिसते. कोणी बँकेचे कर्ज काढून नवी घेतो, कोणी ओळखीतून जुनी घेतो. ही बाबासाहेबांच्या चळवळीची आणि संविधानाची कमाई आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु गाडी दारात आली की तिच्या मागोमाग काही प्रश्नही घरात शिरतात. पेट्रोल कोणी भरायचे, चालवायची कोणी, शेजाऱ्याने मागितली तर द्यायची की नाही, वगैरे. त्यातलाच एक प्रश्न वरवर पाहता अगदी क्षुल्लक वाटतो. गाडीच्या काचांना काळी फिल्म लावावी की लावू नये?

आमच्या घरात या प्रश्नावर दोन आठवडे चर्चा चालली. रविवारच्या वंदनेनंतर विहारात आम्ही सहज हा विषय काढला, तेव्हा आणखी तीन-चार घरांत हाच वाद चालू असल्याचे कळले. म्हणून आमच्या घरी काय बोलणे झाले आणि शेवटी आम्ही काय ठरविले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे मांडत आहोत. ज्याला पटेल त्याने घ्यावे.

गाडी आम्ही आणि आमचा भाचा यांनी मिळून घेतली आहे. गाडी जुनी, पण इंजिन धडधाकट. चालवितो भाचाच. "मामा, पहिले काचा काळ्या करून घेऊ. बाकी सगळं मागून," असे त्याने गाडी दारात लावता लावताच जाहीर केले. नवी पिढी दिखाऊपणाच्या मागे लागली आहे, असे म्हणून त्याला गप्प बसविणे सोपे होते. परंतु त्याची कारणे आम्ही नीट ऐकून घेतली, आणि ती पोरकट नव्हती.

पहिले कारण नागपूरचे ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे आमच्या विदर्भातील वाचकांना सांगायला नको. दुसरे कारण आमच्या पत्नीचे आजारपण. त्यांना ल्युपस नावाचा आजार आहे. त्यात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती आपल्याच अवयवांवर उलटते. उन्हात गेल्याने पुष्कळ रुग्णांचा त्रास वाढतो, अंगावर चट्टे उठतात, सांधे दुखतात. डॉक्टरांनी त्यांना ऊन टाळायला सांगितले आहे. तिसरे कारण आमची मुलगी. ती परिचारिका आहे. दुसरी पाळी संपवून तिला घरी यायला रात्रीचे दहा-साडेदहा वाजतात आणि भाचा तिला आणायला जातो. "मुलगी गाडीत बसली आहे, हे चौकातल्या पोरांना दिसायलाच कशाला पाहिजे?" हा त्याचा सवाल होता. चौथे कारण त्याने जरा थांबून, खालच्या आवाजात सांगितले. वस्तीतील मंडळी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातात. १ जानेवारी २०१८ रोजी त्या परिसरात वाहनांवर दगडफेक झाली, जाळपोळ झाली. "आत बायका-पोरं आहेत की कोण आहे, हे बाहेरून दिसू नये," असे तो म्हणाला.

अशा चार कारणांना चार शब्दांत निकालात काढणे बरे नव्हे. तथागतांनी कालाम लोकांना जो उपदेश केला, त्याचे सार हेच की, कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून किंवा पूर्वीपासून चालत आले म्हणून काही मानू नये, आपण स्वतः पारखून घ्यावे. तो उपदेश मोठ्या तत्त्वज्ञानापुरता राखून ठेवण्याचे कारण नाही. मोटारीच्या काचेलाही तो लागू पडतो. तेव्हा आम्ही एकेक कारण पारखायला घेतले.

प्रथम कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० याच विषयाचा आहे. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या काचेतून कमीत कमी ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे आणि बाजूच्या काचांतून कमीत कमी ५० टक्के गेला पाहिजे, असे तो सांगतो. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर निकाल दिला आणि काचेवर काळी फिल्म चिकटविण्यास मनाई केली. कारखान्यातूनच रंगीत काच आली असेल आणि ती मर्यादेत बसत असेल तर चालेल, पण वरून फिल्म चिकटवायची नाही, असा त्या निकालाचा रोख होता. ४ मे २०१२ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. झेड आणि झेड प्लस दर्जाची सुरक्षा असलेल्या व्यक्तींच्या वाहनांपुरती सवलत ठेवण्यात आली.

पुढे नियमात दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत सुरक्षा काचेबरोबर, मानकाप्रमाणे फिल्म लावलेल्या काचेलाही जागा मिळाली. तिचा आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये असे म्हटले की, ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म असेल तर दंड करता येणार नाही. आमचा भाचा हा निकाल घेऊनच आला होता. परंतु तो निकाल वाचला तरी एक गोष्ट बदलत नाही. ७० आणि ५० चे आकडे कायम आहेत. म्हणजे बाहेरून आतले दिसू नये अशी जी गडद काळी फिल्म भाच्याला हवी होती, ती २०१२ चा निकाल धरला तरी बेकायदेशीर आणि २०२४ चा धरला तरी बेकायदेशीर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड आहे.

यावर दुकानदाराचे उत्तर तयार होते. "साहेब, पन्नास टक्केवाली फिल्म लावून देतो. कायद्यात बसते." आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पेशाने कारकून. टक्केवारी दिसली की आमचा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. मूळ काच काही शंभर टक्के पारदर्शक नसते. तिला थोडी हिरवट झाक असते. समजा, १०० भाग प्रकाश काचेवर पडला आणि काचेने त्यातला ८० भाग आत सोडला. आता त्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली, तर ती उरलेल्या ८० भागांतला निम्मा सोडणार. आठाचे निम्मे चार. म्हणजे आत आला ४० भाग. कायदा सांगतो ५०, तुमच्या गाडीत उरले ४०. फिल्मच्या डब्यावर ५० लिहिले आहे, दुकानदार खोटे बोलला असेही नाही, आणि तरीही गाडी नियमाबाहेर गेली. हा हिशेब आम्ही त्याला मांडून दाखविला. तो म्हणाला, "इतकं कोणी मोजत नाही, साहेब." पण प्रकाश मोजण्याचे यंत्र असते. आणि ज्या माणसाने आयुष्यभर "नियमाप्रमाणे द्या" म्हणून कार्यालयांचे उंबरठे झिजविले, त्याने आपल्या सोयीसाठी "इतकं कोणी मोजत नाही" म्हणणे आम्हाला बरे दिसेना.

आता उन्हाचे पाहू. काळे म्हणजे थंड, हा समज सर्वत्र आहे, परंतु तो अर्धवट आहे. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा सुमारे निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येतो. फिल्म किती काळी आहे यावरून ती हे किरण किती अडवील, ते कळत नाही. चांगल्या दर्जाची, जवळजवळ पारदर्शक फिल्म ते अडवू शकते, आणि स्वस्तातली गडद काळी फिल्म फारसे अडवीत नाही. काळी फिल्म प्रकाश शोषून स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता आतच सोडते. डोळ्यांना मात्र सावलीत बसल्यासारखे वाटते. फिल्मने काहीच फरक पडत नाही, असे आम्ही म्हणत नाही. परंतु आम्ही एका दुपारी शेजाऱ्यांची काळ्या काचांची गाडी आणि आमची साधी गाडी एकाच मैदानात दोन तास उभ्या ठेवल्या. नंतर दोन्ही गाड्यांच्या स्टिअरिंगला हात लावला. एकाही गाडीचे स्टिअरिंग धरवेना.

उभ्या गाडीचा प्रश्न तर काचेच्या रंगाहून गंभीर आहे. बाहेर ३५ अंश असले तरी बंद गाडीच्या आत अर्ध्या तासात तापमान ५० अंशांच्या पुढे जाऊ शकते. आपल्याकडे तर बाहेरच ४५ असतात. अशा गाडीत लहान मूल चुकून राहिले, किंवा खेळता खेळता शिरून आत अडकले, तर ये-जा करणाऱ्याला ते काळ्या काचेतून दिसणार नाही. वस्तीत पोरे गाड्यांभोवतीच खेळतात. काच स्वच्छ असेल तर कोणीतरी पाहील, आरडाओरड करील, काच फोडील. आमच्या घरातील मातांना हा एकच मुद्दा पुरेसा वाटला.

पत्नीच्या आजाराचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागला. तेथे कायदा दाखवून मोकळे होता येत नव्हते. आम्ही डॉक्टरांना विचारले, तेव्हा लक्षात आले की त्यांना त्रास देणारे मुख्यतः अतिनील किरण आहेत, आणि अतिनील किरणांचा काळेपणाशी संबंध नाही. गाडीची पुढची काच दोन थरांची असते आणि त्या थरांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. ती काच हे किरण जवळजवळ सगळे अडविते. बाजूच्या काचा एकेरी असतात. त्या काही प्रकारचे अतिनील किरण अडवितात, पण काही बरेचसे आत सोडतात. म्हणजे काळजी घ्यायची ती बाजूच्या काचेची.

मग आम्ही कागद घेऊन आमच्या प्रवासाचा नकाशा काढला. आमचे वारंवार जाणे होते ते नागपूरहून चंद्रपूरला, पत्नीच्या माहेरी. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या चांद्यात धम्मदीक्षा दिली, तेच हे चंद्रपूर. बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती असा रस्ता आहे, अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. हा रस्ता ढोबळमानाने दक्षिणेकडे जातो. सकाळी निघालो तर सूर्य पूर्वेला, म्हणजे गाडीच्या डाव्या हाताला. दुपार टळल्यावर परत निघालो तर तोंड उत्तरेकडे आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डाव्याच हाताला. तेव्हा जाताना आणि येताना पत्नीने चालकाच्या मागच्या, उजव्या बाजूच्या जागेवर बसावे, म्हणजे दोन्ही वेळा सावली मिळते. सोबत लांब बाह्यांचा सुती ब्लाऊज, डोक्या-चेहऱ्यावरून दुपट्टा आणि डॉक्टरांनी दिलेले मलम. प्रवास सकाळी लवकर करायचा किंवा चार वाजल्यानंतर. एवढ्याने भागले नाही आणि डॉक्टरांनी लिहून दिले, तर परिवहन कार्यालयात लेखी विचारून, प्रमाणपत्र असलेली पारदर्शक फिल्म तेवढ्या काचेला लावता येईल का, ते पाहू. ज्या घरात असा रुग्ण असेल त्यांनीही याच क्रमाने जावे, असे आमचे सांगणे आहे. पत्नीने हा सगळा हिशेब ऐकून घेतला आणि एका वाक्यात निकाल दिला, "मला सावली पाहिजे, अंधार नाही."

मुलीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आम्ही मुलीलाच विचारला. तोवर तिच्याविषयी आम्हीच सगळे बोलत होतो आणि ती जेवण वाढत ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, रात्री मी गाडीत असेन आणि काही वाईट झालं, तर मी बाहेरच्या माणसाला दिसले पाहिजे की नाही?" यावर भाचा काही बोलला नाही. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत जे घडले, ते देश विसरलेला नाही. ती बस रस्त्यावरून फिरत होती, आणि तिला काळ्या काचा होत्या, पडदे होते. आत काय चालले आहे, ते रस्त्याला दिसले नाही. ज्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने काळ्या काचांना मनाई केली, त्याच वर्षीची ही गोष्ट आहे. काळी काच चांगल्या माणसाला झाकते तशी दुर्जनालाही झाकते, आणि दुर्जनाला तिची गरज जास्त असते. आपण सर्वांनी काचा काळ्या केल्या, तर रस्त्यावर कोणती गाडी कशाची, हे ओळखायचे कसे? शिवाय रात्री काळ्या काचेतून चालकालाच बाजूचे कमी दिसते. आमच्या वस्तीच्या गल्लीत दिव्यांचे खांब दूर दूर आहेत. सायकलवाला, म्हातारा माणूस, धावत येणारे पोर बाजूने आले तर ते वेळेवर दिसले पाहिजे.

राहिले चौथे कारण. या कारणावर सहजासहजी उत्तर देता येईना. दगड खाल्लेल्या माणसाला कायद्याचे कलम वाचून दाखविणे सोपे असते. भाच्याची भीती खरी आहे, ती कोणी निर्माण केली हेही सर्वांना ठाऊक आहे. परंतु फिल्मने दगड अडत नाही. बाजूची काच फुटली की तिचे बारीक, बोथट तुकडे होतात. फिल्म ते तुकडे थोडे धरून ठेवील, याहून अधिक काही करणार नाही. आणि दगड मारणारा आत कोण आहे हे पाहून मारीत नाही, तो गाडीवरचा निळा झेंडा पाहून मारतो. मग झेंडा उतरवायचा का? काचेवर ठळक अक्षरांत जयभीम लिहायचे आणि त्याच काचेआड लपून बसायचे, या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. दगडफेकीवर उपाय आहेत ते वेगळे. सोबतीने प्रवास करणे, मार्ग आणि वेळ आधी ठरविणे, पोलिसांना अगोदर कळविणे, बंदोबस्ताची मागणी लेखी करणे, आणि काही घडलेच तर गुन्हा नोंदवून शेवटपर्यंत पाठपुरावा करणे. हे उपाय कष्टाचे आहेत. फिल्म एका तासात लागते. म्हणूनच ती आकर्षक वाटते.

ही चर्चा चालू असताना आमच्या आई कोपऱ्यात तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांचे वय पंच्याहत्तरीच्या घरात. शाळा त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. त्या मध्येच म्हणाल्या, "आमच्या गावात पाटलाची दमणी होती. दमणीले पडदा राहे. दमणी आली का आमी रस्त्याच्या खाली उतरून उभं राहो. अंदरचे आमाले पाहत नोते, अन आमाले त्यायच्याकडे पाहाची सोय नोती. आता तुमी आपल्याच वस्तीत दमणी आनता का?"

नव्या वाचकांसाठी सांगतो, दमणी म्हणजे विदर्भातील श्रीमंत घराण्यांची, आच्छादन घातलेली बैलगाडी. आईंचे बोलणे ऐकून आम्हाला बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींच्या लहानशा पुस्तकाची आठवण झाली. त्यात वाहनांच्या दोन हकिकती आहेत. १९०१ साली बाबासाहेब नऊ वर्षांचे असताना भावा-भाच्यासोबत वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. ही मुले महारांची आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार, या अटीवर. दुसरी हकिकत १९२९ सालची, चाळीसगावची. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते, सरकारी समितीचे सदस्य होते. तरीही त्यांना टांग्यात बसवून टांगा हाकायला टांगेवाले तयार झाले नाहीत. टांगा भाड्याने मिळाला, चालक मिळाला नाही. वस्तीतल्या ज्या माणसाने लगाम हाती घेतला, त्याला सवय नव्हती. वाटेत पुलावर अपघात झाला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

वाहनात कोण बसणार, कोण हाकणार आणि कोण पायी चालणार, यावरून या देशात माणसाची पायरी ठरत होती. म्हणून आपल्या दारात गाडी येणे ही नुसती चैन नाही. ती आली याचा आनंद मानावा, पेढे वाटावेत, तिच्यातून फिरावे. परंतु गाडीत बसल्यावर आपण वस्तीला कसे दिसतो, की दिसतच नाही, हाही त्याच इतिहासाचा प्रश्न आहे.

एक उदाहरण देतो. आमच्याच वस्तीत वाढलेले, आज मोठ्या हुद्द्यावर असलेले एक गृहस्थ आहेत. त्यांच्या शिक्षणाला वस्तीने आपापल्या परीने हातभार लावला होता. एका १४ एप्रिलला विहारासमोर पोरे पाणी आणि सरबत वाटीत होती. त्या गृहस्थांची गाडी आली. पोरांनी हात केला, म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. गाडीच्या काचा काळ्या होत्या. गाडी न थांबता निघून गेली. ते गृहस्थ आत होते की नुसता चालक होता, त्यांनी पाहिले की ते फोनवर बोलत होते, हे आजवर कोणाला कळलेले नाही. कदाचित त्यांचा काही दोष नसेलही. पण काच काळी होती, आणि वस्तीने आपला अर्थ लावून घेतला. पुढे विहाराच्या कामासाठी त्यांच्याकडे कोणी गेले नाही. दोन्हीकडून एक वाट बंद झाली. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी खंत बोलून दाखविली, ती आपण दरवर्षी भाषणांत ऐकतो आणि टाळ्या वाजवितो. ती खंत मोटारीच्या काचेपर्यंत येऊन पोहोचते, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

आमच्या गाडीचा उपयोग आम्ही आधीच ठरविला होता. घरचे काम तर आहेच, पण रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे असेल, बाळंतिणीला घरी आणायचे असेल, तहसील कार्यालयात जायला एखाद्या निराधार बाईला वाहन नसेल, तर गाडी द्यायची. अशी गाडी लांबून ओळखू आली पाहिजे, आणि तिच्यात जागा आहे की नाही हे उभ्या माणसाला दिसले पाहिजे. काळ्या काचेच्या गाडीला हात करायला गरीब माणूस बिचकतो. त्याने बिचकू नये, एवढ्यासाठीच तर आपण शिकलो.

तेव्हा आमच्या घरचा निर्णय झाला तो असा. फिल्म लावायची नाही. फिल्मसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून गाडी उभी असताना पुढच्या काचेआड लावायचा चंदेरी पडदा घेतला. तो गाडी सुरू करण्यापूर्वी काढायचाच, हा नियम केला. जागेवर घालायला सुती अभ्रे शिवून घेतले. गाडी शक्यतो झाडाखाली लावायची. तापलेल्या गाडीत बसताना आधी चारही दारे उघडून आतली गरम हवा जाऊ द्यायची, पहिले दोन मिनिटे काचा खाली ठेवून चालायचे, आणि मग थंड हवेचे यंत्र लावायचे. आत थंडावा आला की बाहेरची हवा आत घेणे काही वेळ बंद ठेवायचे, म्हणजे यंत्रावर भार कमी पडतो. मुलांना गाडीत एकटे सोडायचे नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. जयभीमची अक्षरे मागच्या काचेवर न लावता डिकीच्या पत्र्यावर लावली, म्हणजे मागचे दिसण्यात अडथळा नको. उरलेल्या पैशांची प्रथमोपचाराची पेटी मुलीने स्वतः भरून दिली.

भाच्याला आमचे सगळे म्हणणे पटले, असे मात्र नाही. १ जानेवारीच्या प्रवासाबद्दल त्याच्या मनात अजून शंका आहे, आणि ती बाळगण्याचा त्याला अधिकार आहे. या वेळी वस्तीतील सगळ्या गाड्या एकत्र निघतील, पुढची आणि मागची गाडी ठरलेली असेल, आणि जाण्या-येण्याचा मार्ग पोलिसांना अगोदर लेखी कळविला जाईल, ही जबाबदारी आम्ही अंगावर घेतली, तेव्हा तो तयार झाला. त्या अर्जाचा मसुदा त्यानेच लिहिला आहे. दुसऱ्या वस्त्यांतील मंडळींना हवा असेल तर विहारात येऊन नक्कल करून घ्यावी.

आणि रस्त्यात आमची गाडी दिसली तर हात करावा. आत जागा असली तर तुम्हाला दिसेलच. जयभीम.